बॅग फिल्टरच्या आधी धूळ चार्ज केली तर नेमकं काय बदलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पल्स-जेट बॅग फिल्टर धुळकट गॅस कापडी बॅगांतून गाळतो आणि हवेच्या झटक्यानं, म्हणजे पल्सनं, बॅगा साफ करतो. त्याचा दाबफरक, म्हणजे प्लांटच्या भाषेत डीपी, कायम वर राहतो. तो उतरवण्यासाठी पल्सिंग वाढवलं की बॅगा लवकर जातात. अशा ठिकाणी बॅगांच्या आधी हाय व्होल्टेजचा प्रीचार्जर बसवून धूळ चार्ज केली तर डीपी उतरेल का? चिमणीतलं उत्सर्जन कमी होईल का? आणि त्या चार्जमुळे ठिणगीचा, स्फोटाचा धोका वाढेल का?

डीपी उतरतो, पण त्याचा जो हिस्सा केकमुळे, म्हणजे बॅगेवर साचलेल्या धुळीच्या थरामुळे, आहे तेवढ्यातच. उत्सर्जन बहुतेक वेळा कमी होतं. धोक्याचं उत्तर धुळीच्या जातीवर आहे: जळणारी धूळ असेल तर प्रीचार्जरचा विचारच करू नका. आता कारणं आणि आकडे.

बॅगेवरच्या डीपीचे दोन हिस्से असतात. पहिला साफ झालेल्या बॅगेचा स्वतःचा, म्हणजे कापड आणि त्यात कायमची रुतलेली धूळ. हा हिस्सा वेगाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा हिस्सा बॅगेवर साचणाऱ्या केकचा. तो गाळण-वेग (गॅसचा प्रवाह भागिले कापडाचं क्षेत्रफळ), दर चौरस मीटरवर साचलेली धूळ आणि केकचा विशिष्ट रोध या तिघांचा गुणाकार असतो. या विशिष्ट रोधाला के-२ म्हणतात. धूळ चार्ज केल्याचा मोठा परिणाम याच के-२ वर होतो. म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी डीपीचा ट्रेंड उघडून पाहा. पल्सनंतर लगेच ८० मिमी आणि पुढच्या पल्सच्या आधी १४० मिमी पाणी असा आलेख असेल, तर केकचा हिस्सा ६० मिमी आहे आणि के-२ अर्धा झाला तर ३० मिमी हातात येतात. पण पल्सनंतरच ११५ मिमी आणि आधी १४० असेल, तर केकचा हिस्सा जेमतेम २५ मिमी. तिथे बॅगा आतून बुजलेल्या आहेत. त्याची कारणं ओलावा, तेलकट धूळ, दवबिंदूखाली गेलेला गॅस, चुकीचं कापड किंवा नुसतं म्हातारपण अशी असतात, आणि चार्ज यातलं काहीही दुरुस्त करत नाही. कॉम्प्रेस्ड एअरचा दाब पल्सच्या वेळी कोसळतोय का, पल्सच्या व्हॉल्व्हचे डायफ्रॅम फाटलेत का, बॅगांत हवा सोडणाऱ्या ब्लो-ट्यूबची भोकं बॅगांच्या मध्यावर आहेत का, हे आधी तपासा. हजारो व्होल्टचं यंत्र बसवून फाटक्या डायफ्रॅमवर इलाज होत नाही.

के-२ कमी का होतो, हे बॅगेच्या पृष्ठभागाजवळ जाऊन पाहायला हवं. बॅगेचं कापड, म्हणजे फेल्ट, सिंज केलेलं (वरचे तंतू जाळून गुळगुळीत केलेलं) असलं तरी त्यावर सुटे तंतू थोडे वर आलेले असतात. चार्ज नसलेला बारीक कण हवेच्या प्रवाहाबरोबर सरळ छिद्राच्या दिशेनं ओढला जातो, कारण हवा तिथूनच जाते. म्हणून छिद्रं आधी भरतात, कण एकमेकांच्या फटींत बसतात आणि थर घट्ट होतो. चार्ज झालेल्या कणावर हवेच्या ओढीखेरीज दुसरं बलही असतं. तो जवळच्या तंतूच्या टोकाकडे किंवा आधीच चिकटलेल्या कणाकडे खेचला जातो आणि पहिल्या स्पर्शालाच अडकतो. त्याच्यामागून येणारे सगळे एकाच चिन्हाचे असल्यामुळे एकमेकांना ढकलतात, दाटीवाटीनं बसत नाहीत. त्यांच्या साखळ्या कापडापासून बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या हवेच्या दिशेनं वाढतात आणि केक कापडाच्या आत न शिरता वर उभा राहतो, सैल आणि सच्छिद्र.

सच्छिद्रतेतला छोटा फरक केवढा पडतो ते हिशेबानं कळतं. कोझेनी-कार्मन सूत्रानुसार, दर किलो धुळीमागचा रोध (१ वजा सच्छिद्रता) भागिले सच्छिद्रतेचा घन, या प्रमाणात बदलतो. सच्छिद्रता ०.६० असेल तर हा आकडा १.८५ येतो, ०.७० झाली तर ०.८७. म्हणजे सच्छिद्रतेत ०.१० ची भर पडली की केकचा रोध निम्म्याखाली येतो. तीच धूळ, तेवढंच वजन, तीच बॅग. फक्त कण बसण्याची पद्धत बदलली.

यात एक अडचण आहे. सैल केक दबतो. गाळण-वेग जास्त असेल किंवा केक खूप जाड होऊ दिला, तर केकवरचाच दाबफरक त्याला चेपतो आणि मिळालेला फायदा हळूहळू निघून जातो. पल्स-जेटमध्ये साधारण १ ते १.२ मीटर प्रति मिनिट वेगावर चालणाऱ्या फिल्टरला चार्जिंगचा जो उपयोग होतो, तो १.८ वर ताणून चालवलेल्या फिल्टरला होईल असं धरून चालू नका. चार्जिंग केल्यामुळे निम्म्या बॅगांत काम भागेल अशी मांडणी कोणी केली तर तिच्याकडे संशयानंच पाहावं.

आता कण चार्ज होतो कसा आणि किती. कोरोनातून, म्हणजे हाय व्होल्टेजच्या तारेभोवती गॅसमध्ये होणाऱ्या विद्युत्स्रावातून, निघालेले आयन दोन रीतींनी कणाला चिकटतात. साधारण १ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांत विद्युतक्षेत्र आयनांना कणावर ढकलतं, आणि चार्ज व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.२ मायक्रॉनच्या खाली आयन आपल्या उष्णतेच्या हालचालीनं कणावर आदळतात, आणि चार्ज जवळपास व्यासाच्या प्रमाणात असतो. मधल्या पट्ट्यातल्या कणांना दोन्हींचा थोडाथोडा वाटा मिळतो. प्रति सेंटीमीटर ४ किलोव्होल्टचं क्षेत्र आणि ५ च्या आसपासचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक धरला, तर १ मायक्रॉनच्या कणावर जास्तीत जास्त साधारण १५० इलेक्ट्रॉनांएवढा चार्ज बसतो. घनता २.५ असेल तर हे ग्रॅममागे १८ मायक्रोकूलम होतात. १० मायक्रॉनच्या कणावर चार्ज शंभर पट बसतो, पण वजन हजार पट असतं, म्हणून ग्रॅममागे १.८ मायक्रोकूलमच उरतात. बारीक धुळीवर चार्जचा परिणाम जास्त का दिसतो याचं हे एक मोठं कारण. भरड धूळ तशीही सैलच बसते, तिला चार्ज करून फार काही मिळत नाही.

उत्सर्जनाचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. चार्ज नसलेल्या कणांत साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे कण सगळ्यांत जास्त निसटतात. आदळून अडकण्यासाठी ते फार हलके असतात आणि इकडेतिकडे भरकटून तंतूला लागण्यासाठी फार जड. चार्ज असला की तंतूकडे खेचणारं आणखी एक बल याच कणांना मिळतं. त्याचा सगळ्यांत मोठा लाभ पल्सनंतरच्या काही सेकंदांत होतो. पल्समध्ये केक पडून गेलेला असतो, कापड उघडं असतं, आणि त्याच वेळी उत्सर्जनाचा टोकदार उसळा येतो. चार्ज झालेली धूळ उघड्या कापडावर लवकर पूल बांधते, म्हणून उसळा लहान होतो. वर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पातळ पापुद्रा, म्हणजे मेम्ब्रेन, असलेल्या बॅगांत हा फायदा नाममात्र, कारण मेम्ब्रेन मुळातच पृष्ठभागावर गाळते. तिथे के-२ चा फायदा मात्र उरतो.

इथे एक गल्लत टाळा. मास्कमध्ये आणि एअर-कंडिशनिंगच्या फिल्टरमध्ये इलेक्ट्रेट कापड असतं. त्यात चार्ज तंतूंवर कायमचा बसवलेला असतो आणि धूळ साचत गेली की तो झाकला जातो. आपण बोलतोय ते धूळ चार्ज करण्याबद्दल, जिथे प्रत्येक नवा कण स्वतःचा चार्ज घेऊन येतो. इलेक्ट्रेटचे निष्कर्ष बॅगहाऊसला लावू नयेत.

धुळीची रोधकता, म्हणजे रेझिस्टिव्हिटी

केकमध्ये पोचलेला चार्ज किती वेळ टिकतो हे धुळीच्या रोधकतेवर ठरतं, आणि बहुतेक चुकीचे निर्णय हा आकडा न मोजल्यामुळे होतात. केकचा परिणामी डायइलेक्ट्रिक स्थिरांक २ धरला, तर १० चा ११ वा घात ओहम-सेंटीमीटर रोधकतेच्या धुळीत चार्ज सुमारे ०.०२ सेकंदात गळतो. १३ व्या घाताला दोनेक सेकंद लागतात. १५ व्या घाताला तीन मिनिटं, म्हणजे कित्येक फिल्टरांत एका पल्सपासून दुसऱ्या पल्सपर्यंतचा जवळपास सगळा वेळ.

आता गॅसमध्ये प्रति घनमीटर २ ग्रॅम धूळ, ग्रॅममागे ५ मायक्रोकूलम चार्ज आणि १ मीटर प्रति मिनिट वेग धरा. बॅगेच्या दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे ०.१७ मायक्रोकूलम येतात. हा प्रवाह केकमधून गळून जायला जे क्षेत्र लागतं ते ११ व्या घाताच्या धुळीत सेंटीमीटरला दोन व्होल्टही नसतं. १४ व्या घाताला ते १.७ किलोव्होल्ट होतं आणि १५ व्या घाताला जवळजवळ १७ किलोव्होल्ट. हवा साधारण ३० किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरला फुटते, आणि केकमधल्या फटींत क्षेत्र एकवटत असल्यामुळे त्याच्या आधीच सूक्ष्म ठिणग्या सुरू होऊ शकतात.

याचा प्रत्यक्षातला अर्थ असा. मध्यम रोधकतेची धूळ, ढोबळपणे १० च्या १० व्या ते १३ व्या घातापर्यंतची, चार्जिंगसाठी सगळ्यांत सोयीची. कण बॅगेवर बसताना चार्ज असतो, त्यामुळे केक सैल बसतो. बसल्यावर चार्ज निघून जातो, त्यामुळे पल्सच्या वेळी केक अडत नाही. अति-रोधक धुळीत केक सैल बसतो खरा, पण उरलेला चार्ज त्याला बॅगेला धरून ठेवतो. पल्समध्ये सुटलेली धूळ खालच्या कोठीत, म्हणजे हॉपरमध्ये, पडायच्या आधी शेजारच्या बॅगेकडे वळते. अशा वेळी पल्सचा दाब एकदम वाढवू नका. आधी कप्पा बंद करून, म्हणजे ऑफ-लाइन, सफाई करून पाहा. ते शक्य नसेल तर दाब एकेका पायरीनं ०.३ बारनं वाढवा आणि प्रत्येक पायरीनंतर निदान काही तास पल्सनंतरचा डीपी बघा. साध्या फेल्टला ६ बारच्या वर न्यायची गरज पडत असेल तर अडचण दाबाची नाही. अगदी कमी रोधकतेच्या धुळीत, उदाहरणार्थ न जळालेला कार्बन जास्त असलेल्या राखेत, कण तंतूला लागताच चार्ज सोडतो. तिथे फायदा कमी, पण त्रासही नाही.

रोधकता प्रयोगशाळेत २५ अंशांवर मोजून पाठवलेली असेल तर ती कामाची नाही. चालू तापमानाला आणि चालू ओलाव्यालाच मोजून घ्या. बऱ्याच खनिज धुळींची रोधकता १२० ते १८० अंशांच्या पट्ट्यात कमाल असते. त्याखाली पृष्ठभागावरचा ओलावा वाहकता देतो, आणि वर गेलं की पदार्थ स्वतःच वाहू लागतो. गॅस कूलिंगमधलं पाणी थोडं वाढवून तापमान १५-२० अंशांनी उतरवलं, तर रोधकता पुष्कळ खाली येऊ शकते. मात्र दवबिंदूपासून सुरक्षित अंतर ठेवूनच.

प्रीचार्जर केवढा लागतो

कण पूर्ण चार्ज व्हायला वेळ लागतो, आणि डक्टमध्ये दोन तारा लावून काम होईल ही समजूत इथेच कोसळते. वायर-प्लेट अंतर १२५ मिमी, व्होल्टेज ४५ किलोव्होल्ट, प्लेटवर प्रति चौरस मीटर ०.३ मिलिअँपिअर प्रवाह, असा नेहमीचा नमुना घ्या. यात निम्मा चार्ज बसायला साधारण ०.०५ सेकंद लागतात, ९० टक्के बसायला ०.४ सेकंदांच्या थोडं वर. डक्टमधला गॅस १५ मीटर प्रति सेकंदानं धावतो, त्या वेगाला ९० टक्क्यांसाठी साडेसहा मीटर लांबीचं विद्युतक्षेत्र लागेल. म्हणून प्रीचार्जर रुंद करून वेग ३ मीटरवर आणावा लागतो. मग १.३ मीटर लांबी पुरते.

ताशी १,८०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५० घनमीटर गॅससाठी हा हिशेब पुढे नेऊ. छेद सुमारे १६.७ चौरस मीटर, प्लेटचं क्षेत्र १७० चौरस मीटरच्या आसपास, प्रवाह ५० मिलिअँपिअर आणि कोरोनाची वीज साधारण २.३ किलोवॅट. इन्सुलेटरचे हीटर आणि प्लेट ठोकून धूळ पाडणारे रॅपर वेगळे. दुसऱ्या बाजूला, डीपी ५० मिमीनं उतरला तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या पंख्याची ३५ किलोवॅट वीज वाचते. विजेचं गणित जवळजवळ नेहमी जमतं. जमत नाही ते जागेचं आणि देखभालीचं.

प्रीचार्जरचा सगळ्यांत नेहमीचा बिघाड म्हणजे त्याच्याच प्लेटवर साचलेली रोधक धूळ. थर चढला की त्यात क्षेत्र वाढतं, थर आतून फुटतो आणि प्लेटकडून उलट चिन्हाचे आयन बाहेर येतात. हा बॅक-कोरोना. एका बाजूनं दिलेला चार्ज दुसऱ्या बाजूनं पुसला जातो. पॅनलवर तो ओळखता येतो: व्होल्टेज कमी, प्रवाह मात्र वाढलेला. नवख्या माणसाला वाटतं प्रवाह वाढला म्हणजे यंत्र जोरात चाललंय. उलट आहे. खात्रीसाठी व्होल्टेज पायरीपायरीनं चढवून आणि उतरवून प्रवाहाचे आकडे लिहा. उतरताना त्याच व्होल्टेजला प्रवाह जास्त दिसला तर बॅक-कोरोना आहे. उपाय म्हणजे रॅपिंगची वेळ कमी-जास्त करणं, तापमान उतरवणं किंवा थोडा थोडा वेळ व्होल्टेज देणारं पल्स-एनर्जायझेशन.

दुसरा बिघाड जास्त धुळीत दिसतो. बारीक धूळ खूप असेल तर चार्ज झालेले कणच तारेभोवती गर्दी करतात आणि कोरोना गुदमरतो. व्होल्टेज भरपूर, प्रवाह जवळजवळ शून्य. अशा ठिकाणी आधी सायक्लोन किंवा बॅफल लावून भरड धूळ खाली पाडली तरी बारीक धूळ तशीच येत राहते, म्हणून फारसा फरक पडत नाही. टोकदार इलेक्ट्रोड लावून कोरोना लवकर सुरू करणं हा त्यातल्या त्यात उपयोगी मार्ग.

प्रीचार्जरपासून बॅगांपर्यंतचं अंतर कमीत कमी ठेवा. चार्ज झालेल्या धुळीचा ढग स्वतःच क्षेत्र तयार करतो. वरच्याच आकड्यांनी, २ ग्रॅम धूळ आणि ग्रॅममागे ५ मायक्रोकूलम असताना १ मीटर व्यासाच्या डक्टच्या भिंतीशी सुमारे २.८ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटर क्षेत्र असतं, आणि साडेतीन मायक्रॉनचा कण सेकंदाला १४ सेंटीमीटरनं भिंतीकडे सरकतो. लांब डक्ट ठेवलं तर धूळ तिथेच साचते आणि चार्जही तिथेच जातो. त्यात लोड बदलला की ते साचलेलं एकदम सुटून बॅगांवर येतं.

उद्योगात ऋण कोरोना वापरतात, कारण ठिणगी पडण्याआधी त्याला जास्त व्होल्टेज देता येतं. त्यात ओझोन मात्र धन कोरोनापेक्षा जास्त होतो. गरम गॅसमध्ये ओझोन लवकर मोडतो. थंड हवेवर चालणाऱ्या फिल्टरमध्ये, आणि साफ झालेली हवा पुन्हा कामगारांच्या जागेत सोडत असाल तर, तो मोजलाच पाहिजे.

फायदा खरा आहे का, ते कसं मोजायचं

प्रीचार्जर नुसता चार्ज देत नाही, धूळ पकडतोही. म्हणून चालू केल्यावर डीपी उतरला याचा अर्थ केक सैल झाला असा होतोच असं नाही. बॅगांवर धूळच कमी आली असेल. दोन्ही फायदेच आहेत, पण वेगळे न काढता पुढचा निर्णय घेतला तर तो चुकतो. चाचणी अशी करा. सगळे कप्पे साफ करा, पल्सिंग बंद करा, पंख्याचा गॅस-प्रवाह स्थिर ठेवा आणि तासभर डीपी नोंदवा. त्याच तासात प्रीचार्जरनंतरच्या, बॅगांच्या आधीच्या जागी आयसोकायनेटिक (गॅसच्याच वेगानं ओढलेला) नमुना घेऊन धूळ मोजा. वेग १.२ मीटर प्रति मिनिट आणि धूळ २ ग्रॅम असेल तर तासात दर चौरस मीटरवर १४४ ग्रॅम बसतील. डीपी २४ मिमी, म्हणजे २३५ पास्कल चढला, तर २३५ ला वेगानं (०.०२ मीटर प्रति सेकंद) आणि ०.१४४ किलोनं भागा. के-२ सुमारे ८१,६०० प्रति सेकंद येतो. आता प्रीचार्जर चालू ठेवून हेच करा. मग पुन्हा बंद ठेवून, आणि परत चालू ठेवून. एकदा बंद, एकदा चालू एवढ्यावर थांबू नका, कारण बॅगांची स्थिती आणि भट्टीचा लोड मध्येच बदलतो. तापमान सारखं ठेवा. २० अंशांवरून १५० अंशांवर गेल्यावर हवेची श्यानता सुमारे तिसऱ्या हिश्शानं वाढते आणि के-२ तेवढाच फुगतो.

के-२ बदलला नाही पण डीपी उतरला, तर तुमचा प्रीचार्जर एक छोटा ईएसपी, म्हणजे विद्युतक्षेत्रानं प्लेटवर धूळ पकडणारं यंत्र, म्हणून काम करतोय. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याच्या हॉपरची आणि रॅपिंगची काळजी तशी घ्यायला हवी.

जुन्या ईएसपीचं पहिलं फील्ड, म्हणजे तारा-प्लेटांचा पहिला विभाग, ठेवून मागच्या खोलीत बॅगा बसवलेल्या हायब्रिड फिल्टरात हा भेद आणखी महत्त्वाचा. फील्ड भरड धूळ काढून घेतं आणि बॅगांकडे बारीकच धूळ येते. नुसत्या बारीक धुळीचा केक दर ग्रॅममागे जास्त घट्ट असतो. तिच्यावर चार्ज आहे म्हणून तो सैल बसतो. फील्ड ट्रिप झालं की चार्ज जातो आणि धूळही कित्येक पटीनं वाढते, दोन्ही एकदम. पल्सिंगची सेटिंग फील्ड चालू असतानाच्या धुळीवर बेतलेली असेल तर डीपी काही मिनिटांत हाताबाहेर जातो. म्हणून फील्ड ट्रिपचा सिग्नल पल्स कंट्रोलरला जोडा, म्हणजे ट्रिप होताच सफाईची वारंवारता आपोआप वाढेल. फील्ड परत आल्यावर एक पूर्ण सफाई-फेरी घ्या. ट्रिपच्या काळात बसलेला घट्ट थर खाली राहिला तर वर कितीही सैल केक बसला तरी उपयोग नाही.

अमेरिकेतल्या ईपीआरआय या संस्थेनं १९९० च्या दशकात ईएसपीच्या मागे उच्च वेगाचं बॅगहाऊस ठेवण्याची कोहपॅक नावाची मांडणी वीजकेंद्रांत आणली. ईएसपीतून सुटलेली थोडी धूळ बॅगांनी पकडायची, असं तिचं सूत्र. त्याहून धाडसी मांडणीत इलेक्ट्रोड आणि बॅगा एकाच खोलीत शेजारी ठेवल्या जातात. साउथ डकोटातल्या बिग स्टोन वीजकेंद्रात २००२ मध्ये तशी बसवली होती. डीपी आणि बॅगांचं आयुष्य या दोन्हींनी तिथे त्रास दिला आणि पुढे ती काढून साधं पल्स-जेट बॅगहाऊस आलं. इलेक्ट्रोड बॅगेजवळ आणला की ठिणगीची सुईच्या टोकाएवढी भोकं हा कायमचा ताप असतो. मध्ये अर्थ केलेली सच्छिद्र पत्र्याची भिंत लागते आणि तिचं अंतर केसभरही हलू देता येत नाही. चार्जिंग आणि गाळण या दोन खोल्या वेगळ्या ठेवाव्यात, असंच मी सांगेन.

न मागता आलेला चार्ज

प्रीचार्जर नसला तरी बॅग फिल्टरमध्ये चार्ज असतो. पाइपातून घासत येणारी धूळ, कापडावर घासणारी धूळ, पल्समध्ये फडफडणारी बॅग, सगळीकडे तो तयार होतो. पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पीटीएफई सहसा ऋण होतात, काच आणि नायलॉन धन. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असली की पृष्ठभागावरून बराचसा चार्ज गळतो. ३० च्या खाली तो टिकतो. कोरड्या मोसमात काही फिल्टरांचा डीपी अचानक का चढतो, धूळ बॅगेला का धरून बसते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. हा चार्ज प्रीचार्जरसारखा एकाच चिन्हाचा आणि एकसारखा नसतो. काही कण धन, काही ऋण. ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि केक कुठे सैल, कुठे घट्ट बसतो. म्हणून नैसर्गिक चार्जवर भरवसा ठेवून डिझाइन करू नये.

धोका कापडापेक्षा अर्थ न झालेल्या धातूत जास्त. बॅगेच्या आतल्या तारेच्या केजची धारकता सुमारे १०० पिकोफॅरड धरा. ती २० किलोव्होल्टपर्यंत चार्ज झाली तर एका ठिणगीत २० मिलिजूल ऊर्जा सुटते. गंधक, अनेक बारीक धातूंचे आणि बारीक सेंद्रिय पदार्थांचे ढग पेटवायला एवढी पुरते. म्हणून जळणाऱ्या धुळीत प्रत्येक केज, ब्लो-ट्यूब, दार, क्लॅम्प अर्थला जोडलेला हवा. शास्त्रानुसार एक मेगओहमपर्यंत चार्ज सुरक्षित गळतो, पण धातू-ते-धातू जोडणीत १० ओहमच्या वर काही दिसलं तर तो सांधा बिघडतोय असं समजून उघडा. अँटिस्टॅटिक बॅगेत स्टीलचे किंवा कार्बनचे तंतू विणलेले असतात. तिचा अर्थशी रोध १० च्या ८ व्या घात ओहमच्या खाली राहिला पाहिजे. तो साध्या मल्टिमीटरनं मोजू नका. ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लागतो, आणि मोजणी फिल्टर थांबवून, धुळीचा ढग नसतानाच करायची.

अँटिस्टॅटिक कापड वापरल्यावर चार्जिंगचा फायदा जातो का, असंही विचारलं जातं. फारसा जात नाही. केकची रचना कण पहिल्यांदा टेकतो त्या क्षणी ठरते, आणि नंतरचा चार्ज कापडापेक्षा केकच्याच रोधकतेवर टिकतो किंवा गळतो.

अँटिस्टॅटिक बॅगा लावूनही अर्थिंग तुटलेलं सापडतं, आणि कारणं जवळजवळ ठरलेली असतात. बॅगा ज्या भोकांच्या पत्र्यात बसतात त्या ट्यूबशीटचा रंग बॅगेच्या तोंडाच्या स्नॅप-बँडखाली तसाच राहिलेला असतो. गंज टाळायला इपॉक्सीचा थर दिलेली केज वापरलेली असते, आणि तो थर उत्तम इन्सुलेटर असतो. बॅगेच्या तोंडाशी शिवलेली तांब्याची वेणी बसवताना आत दुमडली जाते, ट्यूबशीटला टेकतच नाही. मधल्या काळात बदललेल्या दोन-चार बॅगा साध्या असतात. कार्बनचा नुसता लेप असलेलं कापड घासून वाहकता गमावतं. विणलेले स्टीलचे तंतू जास्त टिकतात. म्हणून नव्या बॅगांची खेप आली की प्रत्येक गठ्ठ्यातली एक बॅग उघडून टेस्टर लावा. बसवल्यावर प्रत्येक रांगेतली एक बॅग केजसकट मोजा, केज-ते-ट्यूबशीट आणि कापड-ते-ट्यूबशीट वेगवेगळं. आकडे रांगेच्या क्रमांकासह नोंदवा. पुढच्या शटडाऊनला त्याच जागा परत मोजायच्या असतात.